खंडू के. यांनी दिलेला एक स्टार

पाच पिवळ्या स्टारांच्या शेजारी माझाच चेहरा होता. पहिलीतला. पुढचे दोन दात पडलेले, तेल चोपडून पाडलेला भांग, आणि कुणीतरी 'हस' म्हटलं म्हणून जितकं उघडता येईल तितकं उघडलेलं तोंड. मी लॅपटॉपच्या इतकी जवळ गेले की नाक पडद्याला लागलं. शनिवारची दुपार होती, एक वाजत आलेला, स्वयंपाकघरात मम्मी सोलकढीसाठी नारळ खवत होती, आणि मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचत बसले होते. 'मुलांच्या विभागासाठी उत्तम हॉस्पिटल. सीनियर डॉक्टर खूप सहकार्य करतात. भरपूर शिकायला मिळतं.' वर नाव, अपूर्वा पी. म्हणजे माझी ताई. तिच्या खात्याला तिने कधीपासून माझा तो बोळक्या तोंडाचा फोटो लावून ठेवलाय आणि मी शंभरदा सांगूनही काढत नाही. एरवी मी ओरडले असते. पण त्या रिव्ह्यूखाली 'दहा महिन्यांपूर्वी' असं लिहिलं होतं, आणि मी मनातल्या मनात महिने मागे मोजत गेले, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, आणि जानेवारीपाशी येऊन थांबले. जानेवारीत ताई त्याच हॉस्पिटलात, त्याच मुलांच्या विभागात इंटर्न होती. आणि जानेवारीत ताई संध्याकाळी घरी आली की आमच्या बाथरूमचा नळ चालू राहायचा.

ताई आत झोपली होती. झोपली होती म्हणजे डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. सकाळी सातला तिने मला हलवून उठवलं आणि माझ्या गादीच्या कडेला बसून म्हणाली, "प्रांजल, तू लाव ना क्रम." मला आधी वाटलं स्वप्नच पडतंय. माझी ताई डॉक्टर आहे. एमबीबीएस झाली, वर पुढच्या शिक्षणाची परीक्षा दिली, नंबर बऱ्यापैकी वर आला, आणि आता तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी तीन वर्षं एखाद्या कॉलेजच्या हॉस्पिटलात राहून काम करायचं असतं, त्याला रेसिडेन्सी म्हणतात, आणि राहून म्हणजे खरंच राहून, कारण घरी कुणी सोडत नाही. कुठलं कॉलेज आधी, कुठलं नंतर, अशी यादी संगणकावर भरायची, पाच वाजेपर्यंत लॉक करायची, आणि एकदा लॉक केली की संपलं. एवढं सगळं, आणि मी दहावीत. मला बीजगणितात सहामाहीला जे पडलेत ते इथे लिहीत नाही. मी म्हटलं, "मी काय लावू? मला काय कळतंय?" तर म्हणाली, "तू रिव्ह्यू वाचतेस ना सगळ्याचे. वाच आणि लाव. मला सगळीकडचं सारखंच वाटतंय." हे शेवटचं वाक्य ती इतक्या सपाट आवाजात बोलली की मी उठून ब्रश न करताच लॅपटॉप उघडला.

रिव्ह्यूंच्या बाबतीत मात्र मी खरंच तज्ज्ञ आहे, हे मी नम्रता सोडून सांगते. फोनमधल्या नकाशावर, जिथे दुकानांना स्टार देतात तिथे, मी पाचव्या पायरीची गाइड आहे. भांडुप स्टेशनबाहेरचे चार डोसेवाले, शिवणवाली अनुपमा काकू, आमचा दातांचा डॉक्टर, झेरॉक्सची तीन दुकानं, मुलुंडचा एक स्विमिंग पूल (बाहेरूनच पाहिला, पण लिहिलं), सगळ्यांना मी स्टार दिलेत. ऑगस्टमध्ये शाळेत सूत्रसंचालन मिळालं, समोर आठशे मुलं आणि हातात माइक, आणि मला अचानक कळलं की माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जातो. त्याआधी मी आठवीपर्यंत दुकानात जाऊन 'पाव द्या' म्हणतानासुद्धा ताईच्या मागे उभी राहायचे. आता पप्पा रोज म्हणतात, "माइक बंद कर." तर सांगायचं काय, की लिहिणाऱ्या बाजूने मला हा सगळा धंदा माहीत आहे. अनुपमा काकूंना मी पाच स्टार दिले तेव्हा त्या समोर मशीनवर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि ब्लाऊज मम्मीला काखेत चक्क आवळत होता. क्लासला एक स्टार दिला कारण सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. सर शिकवतात छान. म्हणजे स्टार आणि खरं यांच्यामध्ये नेहमी कुणीतरी उभं असतं. हे मला माहीत होतं, गंमत म्हणून माहीत होतं. माझ्याच घरात, माझ्याच चेहऱ्याखाली ते असेल असं वाटलं नव्हतं.

जानेवारीत मी नववीत होते आणि स्वतःतच इतकी होते की मला त्या नळाचा अर्थ लागायला तीन आठवडे गेले. ताई संध्याकाळी यायची, कधी दोन दिवसांनी यायची, चपला न काढता बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. आमच्याकडे पाणी साठवून ठेवायची सवय, चाळीतून या अकराव्या मजल्यावर येऊन नऊ वर्षं झाली तरी मम्मी पिंप भरून ठेवते, तर मम्मी दारावर थाप मारायची, "अपू, पाणी वाया चाललंय गं." आतून काही नाही. एकदा दाराची कडी नीट लागली नव्हती. मी ढकललं. ताई उलट्या बादलीवर बसली होती, अंगावर तो पांढरा कोट तसाच, आणि कोटाच्या खिशातून बिस्किटाचा अर्धा पुडा काढून एकेक बिस्किट घाईघाईने खात होती, कुणी काढून घेईल तसं. रडत नव्हती. रडत असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दार लाव." मी आत गेले आणि आतून दार लावलं. तेव्हा ती म्हणाली, तिथे जेवायला जायला विचारलं तर सीनियर म्हणतात, पेशंट जेवले का सगळे? मग तुला कशाला भूक लागते? काल एका सीनियरने तिने लिहिलेला केसपेपर पेशंटच्या आईसमोर फाडला आणि म्हणाला, पुन्हा लिही, उभी राहून. मग म्हणाली, "प्रांजल, मला डॉक्टरच नकोय व्हायला." बाहेर खिडकीतून कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येत होता, वारा फिरला की येतो तसा, आणि मी म्हटलं, "एक बिस्किट दे." तिने दिलं. त्या विभागातलं पोस्टिंग संपलं, पुढचे विभाग बरे गेले असावेत, तिने परीक्षेचा अभ्यास केला, नंबर आला, पेढे वाटले. ते वाक्य कुणालाच सांगितलं गेलं नाही. तिने नाही सांगितलं आणि मीही नाही. पण तेव्हापासून ताई घरात चालते ती कडेकडेने चालते. भांडत नाही. मी तिचा चार्जर घेतला तरी काही बोलत नाही.

आणि आता तीच ताई यादीच्या अगदी वर त्याच हॉस्पिटलचं नाव ठेवून झोपली होती. कारण पप्पांना तेच हवं होतं, मम्मीला ते घरापासून पाऊण तासावर म्हणून हवं होतं, सबंध सोसायटीला त्याचं नाव माहीत होतं, आणि तिला सगळीकडचं सारखंच वाटत होतं. खाली आणखी एकोणीस नावं होती. मी रिव्ह्यू वाचत सुटले. एक तर रेसिडेंट डॉक्टरांनीच नाव न लावता भरलेला तक्ता होता, ताईच्या ग्रुपवर फिरणारा: काम किती, त्रास दहापैकी किती, हॉस्टेलला पाणी किती वेळ. तो वाचून माझ्या लक्षात आलं की बऱ्याच कॉलेजांपुढे एकच वाक्य आहे, 'शिकायला मिळतं.' शिकायला मिळतं, शिकायला मिळतं, शिकायला मिळतं. जणू सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलंय. मग मी नकाशावरचे रिव्ह्यू उघडले. ते बहुतेक पेशंटचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे असतात. डॉक्टर व्हायला कुठे जावं हे ठरवायला ते कुणी वाचत नाही, आणि बरोबरच आहे. लोक लिहितात पार्किंग नाही, लिफ्ट बंद, वॉचमन उर्मट, कँटीनचा चहा पांचट. पण मला सवय आहे. मला पाच स्टारवाले वाचायचा कंटाळा येतो. मी नेहमी खालून सुरुवात करते, चिडलेल्यांपासून. चिडलेला माणूस किस्सा सांगतो. किती वाजले होते, कोण काय म्हणालं, सगळं.

अकराव्या नंबरला एक जिल्ह्याच्या गावचं सरकारी कॉलेज होतं. भांडुपहून एसटीने नऊ तास. ताईने ते यादी लांब दिसावी म्हणून टाकलेलं. त्या तक्त्यात त्याच्यापुढे फक्त 'काम खूप, मेस बेकार' एवढंच होतं. नकाशावर साडेतीन स्टार. मी खालून सुरू केलं, आणि चौथा रिव्ह्यू खंडू के. यांचा होता. तो मला आता पाठ आहे. 'एक स्टार. आमच्या बाळाला सलाईन लावायचं होतं. ज्युनियर लेडी डॉक्टर जेवायला गेली. दुपारचे तीन. अर्धा तास थांबलो. विचारलं तर मोठ्या मॅडम स्वतः आल्या आणि म्हणाल्या मीच तिला पाठवलंय, ती सकाळपासून उपाशी आहे, उपाशी हाताने तुमच्या बाळाची नस शोधायला नको. आणि मग मॅडमनी स्वतः खाली बसून सलाईन लावलं. ज्युनियरचं काम मोठ्या डॉक्टरला करावं लागतं असलं हे हॉस्पिटल. नियोजन शून्य.' मी तो तीनदा वाचला. मम्मीची खवणी थांबली होती. मी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली. मम्मी म्हणाली, "काय गं, पाल?" बोलता आलंच नाही मला, माइकवालीला. सगळीकडे सारखं नव्हतं. एवढंच. सगळीकडे सारखं नव्हतं, आणि हे एका माणसाने तक्रार म्हणून लिहून ठेवलं होतं.

मी आणखी शोधलं, कारण एकावर भरवसा ठेवायचा नाही हा माझा नियम. त्याच कॉलेजचे मुलांच्या वॉर्डाचे आणखी दोन सापडले. एकीने लिहिलं होतं, डॉक्टर मुली व्हरांड्यात मोठमोठ्याने हसतात, आजारी माणसांचा विचार नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, एका मुलीने चूक कबूल केली, आधी दुसरं औषध लिहिलं होतं म्हणाली, तिला मॅडम ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसतं परत समजावलं, असं चालतं का? दोघांचेही दोन-दोन स्टार. म्हणजे हसतात. म्हणजे चूक बोलून दाखवता येते. मी त्या दोघांच्या रागावर हात फिरवावा तसा पडद्यावर हात फिरवला.

चार वाजता बाळाकाका आले. बाळाकाका म्हणजे पप्पांचे चुलत चुलत काही तरी, त्या मोठ्या मुंबईच्या हॉस्पिटलात तीस वर्षं वॉर्डात काम करून रिटायर झालेले, आणि घरातल्या कुणाच्याही गुडघ्यापासून डोळ्यापर्यंत सगळ्याला 'आपला माणूस आहे तिथे' म्हणून आधी त्यांनाच फोन लागतो. पप्पांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, लॉक करताना वडीलधारं माणूस असावं म्हणून. पप्पा स्वतः आज सुट्टी घेऊन इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बटन फक्त ताईच दाबणार होती तरी. ताई ओढणी बाजूला करून आली, टेबलाशी बसली, केस बांधले. मम्मीने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं नाही एवढंच. मी म्हटलं, "थांबा. मला बोलायचंय."

"आला माइक," पप्पा म्हणाले.

"पप्पा, सीरियसली. मला ताईने क्रम लावायला सांगितलाय. ताई, सांगितलायस ना?"

ताई म्हणाली, "हो."

"तर मी अकरावं एकवर आणलंय." आणि मी खंडू के. यांचा रिव्ह्यू सभेत वाचावा तसा उभी राहून वाचला.

वाचून झाल्यावर बाळाकाका खो खो हसले. "गो बाये, ह्यो माणूस तर शिव्या घालता! आणि तू ताईक थंय धाडतंस? माका इचार, माका. तीस वर्षां काढलंय मी हंयसर. केवढे मोठे मोठे डाक्टर तयार झाले!"

"काका, तुम्ही तिथे कुणाला जेवताना बघितलंय?"

"म्हंजे?"

"शिकणाऱ्या डॉक्टरांना. दुपारी. बसून. जेवताना."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि हळूच म्हणाले, "तां... वेळ खंय असता त्यांका." आणि मग बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

पप्पा चिडले. पप्पांचं चिडणं म्हणजे आवाज वाढत नाही, शब्द सुटे सुटे होतात. "एक अडाणी माणूस. कुठला कोण. अर्धा तास थांबावं लागलं म्हणून रागावतो. त्याच्यावर तू तिची तीन वर्षं ठरवणार? नऊ तासांवर पाठवणार? इकडे बघ. पाच स्टार, पाच स्टार, पाच स्टार. डॉक्टर लोकांनी स्वतः दिलेत. बघ, ही कोण..." आणि त्यांचं बोट सरकत सरकत बरोबर माझ्या बोळक्या तोंडावर जाऊन थांबलं.

मला वाटलं होतं की हे मी बोलायचं. दुपारभर मी मनात तेच घोकत होते. मी सगळ्यांसमोर सांगणार, हा रिव्ह्यू ताईचा आहे आणि खोटा आहे, आणि मग कोर्टात होतं तसं सगळे स्तब्ध. पण प्रत्यक्ष ते बोट त्या फोटोवर आलं तेव्हा मला जाणवलं की हे माझं नाहीये. बादलीवर मी बसले नव्हते. माझ्या गळ्याशी आलेलं वाक्य मी गिळलं, खरंच घोट घेऊन गिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं की न बोलायलाही आवाज लागतो, त्याहून मोठा. मी फक्त विचारलं, "ताई, तू किती देशील त्यांना?"

ताई त्या फोटोकडे बघत होती. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, दोन, तीन. ताई म्हणाली, "दिलेत मी. पाच." मग म्हणाली, "पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी वहीवर सही लागते. सहीशिवाय इंटर्नशिप पुरी होत नाही. सीनियर वही हातात धरून म्हणाला, आधी मोबाइल काढ. पाच स्टार टाक, दाखव, मग सही. आम्ही नऊ जणी होतो. रांगेत उभं राहून टाकले. काय लिहायचं तेसुद्धा त्यानेच सांगितलं." आणि मग, पप्पांकडे न बघता, टेबलावरच्या प्लास्टिकच्या कव्हरवर नखाने रेघ ओढत ती बाकीचं बोलली. केसपेपर, उभं राहणं, बिस्किटं, नळ. सगळं सलग, कुणाला दोष न देता, पेशंटचा आजार सांगतात तसं. शेवटी म्हणाली, "मला वाटलं डॉक्टर व्हायचं म्हणजे असंच. सगळीकडे असंच असणार. मग घराजवळ असलेलं बरं." मम्मीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता तो केव्हा ठेवला मला कळलंच नाही. "आणि मी नळावरून ओरडत होते," मम्मी म्हणाली. "पाण्यावरून."

मला भीती वाटली की आता पप्पा म्हणणार, सहन करायला शिकलं पाहिजे, आमच्या आजोबांनी गिरणीत काय काढलं. एरवी ते म्हणालेही असते. पण पप्पा लॅपटॉपकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. माझे पप्पा पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतात, कंपनीतर्फे, घाटकोपर ते मुलुंड. फिल्टर बसवून झाला की कस्टमरच्या मोबाइलवर एक लिंक येते. पप्पा पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहतात. मी एकदा सुट्टीत त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा पाहिलंय. ते हसून म्हणतात, मॅडम, तेवढे फाइव्ह स्टार करा ना, आत्ताच, चार दिले तर ऑफिसात बोलणी बसतात. आणि मॅडम देतात. माणूस दारात उभा असताना कोण कमी देतं?

"मी पण उभा राहतो ना," पप्पा म्हणाले. कुणालाच नाही, त्या स्टारांनाच म्हणाले. "कित्येक वर्षं राहतोय. गेल्या आठवड्यात एकीचा फिल्टर गळत होता अजून, तरी घेतले." मग त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि आमच्या घरात असं कुणी कुणाकडे बघत नाही, आम्ही बहुतेक ताटाकडे किंवा टीव्हीकडे बघून बोलतो. "मला हे कळायला पाहिजे होतं गं अपू. बाकी कुणाला नाही तरी मला." आणि मग माझ्याकडे वळून, "तो कोण म्हणालीस? खंडू? परत वाच."

मी परत वाचला. या वेळी बाळाकाका हसले नाहीत. 'उपाशी हाताने' या शब्दांपाशी ताईने मान वर केली. "परत वाच," तीही म्हणाली. मी वाचला. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मुंबईच्या त्या हॉस्पिटलचं नाव खाली ढकलत ढकलत नेलं, खूप खाली, आणि ते यादीतून पुसूनच टाकलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी तिने लॉकचं बटन दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. मम्मी म्हणाली, "नऊ तास." आणि रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "गाडीत वाटेत खायला काय देऊ हिला?" जायला अजून महिना होता.

तेव्हापासून मी खंडू के. यांचा फार विचार करते. त्यांच्या नावाशेजारी फोटो नाही, नुसता निळ्या गोलात एक 'ख'. त्यांनी आयुष्यात तीनच रिव्ह्यू लिहिलेत: हे हॉस्पिटल, एक बियाण्यांचं दुकान (दोन स्टार), आणि एक रसवंती (पाच स्टार, 'आलं घालतात'). मी त्यांच्या रिव्ह्यूखालचा अंगठा दाबला. उत्तर देता येत नाही तिथे, ते फक्त हॉस्पिटलला देता येतं. द्यायचं असतं तर मी काय लिहिलं असतं तेही मला नीट सांगता येत नाही. काका, थँक्यू. पण कशाबद्दल? ते तर खरंच चिडले होते. बाळ हातात, ताप असणार, जुलाब असणार, आणि समोर अर्धा तास कुणी नाही. त्यांच्या त्या अर्ध्या तासावर माझ्या ताईची तीन वर्षं उभी आहेत. त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, माझं बाळ तळमळत होतं आणि तुला त्यात काय दिसलं? आणि ते बाळ बरं झालं का, हे त्यांनी लिहिलेलंच नाही. शाळेतून येताना, पेपर लिहिताना मध्येच, मला ते आठवतं आणि जरा भीती वाटते. पण मग मी स्वतःला समजावते की मॅडमनी खाली बसून सलाईन लावलं, म्हणजे लागलं. रसवंतीचा रिव्ह्यू त्यानंतरच्या उन्हाळ्यातला आहे. ज्याचं बाळ बरं नसेल तो माणूस रसात आलं घालतात म्हणून आनंदाने पाच स्टार देईल का? नाही देणार. मी त्या आल्याला धरून बसलेय. आणि देवाला काही सांगायचं असलं की हल्ली मी आधी त्यांचं नाव घेते, मग माझ्या बीजगणिताचं.

ताईला तेच कॉलेज मिळालं. डिसेंबरात पप्पा तिला पोचवून आले. सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही, कारण मग मीही रांगेत उभी राहून लिहिल्यासारखं होईल. मेस खरंच बेकार आहे. दिवस दिवस झोप नाही. पहिल्या आठवड्यात मॅडम तिला अक्षरावरून सगळ्यांसमोर बोलल्या. एका बुधवारी एक मूल गेलं, आणि ताई फोनवर नुसती श्वास घेत होती, मीही पलीकडे नुसती श्वास घेत बसले, दहा मिनिटं. मला वाटलं, आता ती ते नळाजवळचं वाक्य पुन्हा बोलणार. मी कान इतका दाबून धरला होता की दुखायला लागला. ती म्हणाली, "ठेवते गं, दुसरं एक आहे, त्याला बघायचंय."

काल तिला दोन दिवसांची पहिली सुट्टी होती. मम्मीने तीन दिवसांपासून धुमाकूळ घातला होता. काळे वाटाणे भिजवलेले, आंबोळ्यांचं पीठ आंबवलेलं, ताईच्या गादीला नवीन चादर, मला त्या चादरीवर बसायलासुद्धा बंदी. दुपारी फोन आला. मम्मीने स्पीकरवर टाकला. "निघालीस का गं?"

"मम्मी, मी नाही येत."

"म्हणजे? सुट्टी नाही दिली?"

"दिली गं. मॅडम जा म्हणतायत, ओरडतायत जात नाही म्हणून. पण एक बाळ आहे माझं, सव्वा किलोचं होतं आलं तेव्हा, पावणेदोन झालंय. सोमवारी सोडतील त्याला घरी. मला बघायचंय ते जाताना. परत थोडंच दिसणार आहे?" मागे कुणीतरी तिला हाक मारली, परब, चल ना यार, आणि ताई फोन तोंडापासून लांब न धरताच ओरडली, "आले गं बाई, आईशी बोलतेय, दिसत नाही का!" इतक्या जोरात की मम्मीने दचकून फोन लांब धरला. "आणि प्रांजलला सांग, माझा निळा कुर्ता घातलास तर याद राख."

फोन बंद झाला. मम्मी फोनकडे बघत राहिली. पप्पांनी टीव्हीचा आवाज उगाच वाढवला आणि लगेच कमी केला. "सुट्टी असून येत नाही," मम्मी म्हणाली. "एवढ्या वाटाण्यांचं मी काय करू आता?"

मी तव्याजवळ ताट घेऊन उभी राहिले, अंगात निळा कुर्ता होताच, आणि एकामागून एक सहा आंबोळ्या खाल्ल्या.